आवाज काढता आला नाही तरी चालेल

"मला आवाज काढता येत नाहीत. चालेल ना?"

माझ्याकडे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ खेळायला पहिल्यांदाच आलेल्या एका मुलाने दारातच हे विचारलं. चपला अजून पायात, खांद्याला बॅग, हातात फाशांची पिशवी. तो आधी दुसऱ्या एका गटात खेळायचा. तिथे त्याला सलग तीन रविवार ऐकावं लागलं होतं की, तू नुसता खेळतोस, रोलप्ले करत नाहीस, म्हणजे पात्राची भूमिका वठवत नाहीस. चौथ्या रविवारी तो गेलाच नाही. त्यानंतर दीड वर्ष त्याने फाशांना हात लावला नव्हता.

मला त्याच्या प्रश्नाचं वाईट वाटलं आणि रागही आला. हा प्रश्न विचारायची वेळ त्याच्यावर आणणाऱ्या समजुतीचा तो राग होता. पात्राचा वेगळा आवाज काढला तरच रोलप्ले होतो, ही ती समजूत आता पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच टेबलांवर घट्ट बसली आहे. म्हणून हे लिहिते आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये चार-पाच जण टेबलाभोवती बसतात आणि प्रत्येक जण एक पात्र घेतो. कुणी जादूगार होतं, कुणी चोर, कुणी शपथ घेतलेला योद्धा. एक जण डीएम, म्हणजे डंजन मास्टर असतो. गाव, राजा, राक्षस, खानावळवाला हे सगळं त्याच्याकडे. डीएम प्रसंग सांगतो, खेळाडू आपलं पात्र काय करतं ते सांगतात, आणि जिथे काय होईल याची खात्री नसते तिथे वीस बाजूंचा फासा टाकतात. पट लागतोच असं नाही. शेवटी कुणी एक जिंकतही नाही. सगळा खेळ बोलण्यावर चालतो, म्हणून कसं बोलायचं हा प्रश्न इथे इतका नाजूक होतो. काही जण पात्राच्या तोंडून, पात्राचा वेगळा आवाज काढून बोलतात. काही जण आपल्याच आवाजात "माझा चोर त्याला सांगतो की…" असं म्हणतात.

माझं मत असं आहे की आवाज काढणं ही आवडीची गोष्ट आहे, तिची अट घालू नये. पात्राच्या जागी उभं राहून निर्णय घेणं हा खरा रोलप्ले. तो निर्णय कुठल्या सुरात सांगितला, हे त्यानंतर येतं. ज्या टेबलावर हा क्रम उलटा होतो, तिथून सगळ्यात आधी कमी बोलणारी माणसं उठून जातात आणि ती का गेली हे कुणी विचारतही नाही.

हा खेळ जन्मला तो नाटकाच्या तालमीत नव्हे, युद्धाच्या खेळात. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिस-सेंट पॉल भागात डेव्हिड वेस्ली याने नेपोलियनच्या काळातला एक डाव मांडला. ब्राउनस्टाइन हे काल्पनिक जर्मन गाव. नेहमीच्या डावात खेळाडू सैन्याच्या तुकड्या हलवत. वेस्लीने त्यांना गावातली माणसं करून टाकलं. कुणी नगराध्यक्ष, कुणी बँकर, कुणी विद्यापीठाचा कुलगुरू. लढाईला तोंड फुटायच्या आधीच खेळाडू एकमेकांना कोपऱ्यात घेऊन सौदे ठरवू लागले. दोघांनी तर एकमेकांना द्वंद्वाचं आव्हान दिलं. त्यासाठी वेस्लीकडे नियमच नव्हते, त्याला ते जागच्या जागी ठरवावे लागले. आपला डाव पार फसला असं त्याला वाटलं. खेळाडू मात्र तसलाच डाव पुन्हा मागत राहिले.

त्या मंडळींत डेव्ह अर्नेसन होता. वेस्लीने पुढे लॅटिन अमेरिकेतल्या एका काल्पनिक देशाचा डाव मांडला, त्यात अर्नेसनच्या वाट्याला एक विद्यार्थी क्रांतिकारक आला होता. अर्नेसनने बाकीच्यांना पटवून दिलं की आपण खरे सीआयएचे छुपे हस्तक आहोत. ही गोष्ट मला फार आवडते. टेबलावर जे घडवायचं असतं ते सगळं त्यात आहे. माझ्या पात्राला काय हवं आहे, ते कुणाकडून मिळेल आणि त्यासाठी कोणती थाप मारावी लागेल, हे त्याने हेरलं आणि डाव फिरवला. या कसबाला स्वरयंत्राची कसरत लागत नाही, समोरचा माणूस ओळखावा लागतो.

पुढे १९७४ मध्ये अर्नेसन आणि गॅरी गायगॅक्स यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' छापून आला. एका खोक्यात तीन लहान पुस्तिका, पहिल्या छपाईच्या १००० प्रती. मुखपृष्ठावर 'रोलप्लेइंग' हा शब्द नाही. कागद, पेन्सिल आणि छोटे पुतळे घेऊन खेळायच्या युद्धमोहिमांचे नियम, अशीच त्याची ओळख तिथे दिलेली आहे.

आवाजाची अपेक्षा अलीकडची आहे, आणि ती मुख्यतः एका कार्यक्रमामुळे पसरली. १२ मार्च २०१५ ला 'क्रिटिकल रोल' इंटरनेटवर थेट दिसू लागला. मॅथ्यू मर्सर हा तेव्हा त्यांचा डीएम. तो आणि त्याचे तेव्हाचे सगळे साथीदार व्हिडिओ गेम आणि ॲनिमेशनला आवाज देणारे व्यावसायिक कलाकार आहेत. कॅमेरे येण्याआधी काही वर्षं ही मंडळी घरीच खेळत होती. मर्सर एका दमात म्हाताऱ्या दुकानदाराचा, उर्मट सरदाराचा आणि ड्रॅगनचा आवाज काढतो आणि तिन्ही खरे वाटतात. २०१९ मध्ये त्यांनी आपल्या कथेवर ॲनिमेशनपट काढण्यासाठी लोकांकडे साडेसात लाख डॉलर मागितले, तर लोकांनी एक कोटी तेरा लाखांहून जास्त दिले. एवढं प्रेम उगाच मिळत नाही. मी स्वतः या खेळाकडे वळले ती हाच कार्यक्रम बघून, आणि ते ऋण मी मानते.

पण त्याबरोबर एक ओझंही आलं. नवे खेळाडू कार्यक्रम बघून येतात आणि आपल्या डीएमने मर्सरसारखं करावं अशी अपेक्षा धरतात. डीएमही तीच अपेक्षा खेळाडूंकडून ठेवतो. याला 'मर्सर इफेक्ट' असं नाव पडलं आहे. खुद्द मर्सरने जाहीरपणे सांगितलं आहे की आमचा गट नटांचा आहे, आमची शैली अनेक शैलींपैकी एक आहे, तुमच्या टेबलाची शैली तुम्ही शोधा. ते मात्र फारसं कुणी मनावर घेतलेलं दिसत नाही.

त्या टेबलात आणि आपल्या टेबलात एक मूलभूत फरक आहे. त्यांना प्रेक्षक आहेत. श्रुतिकेत दार वाजल्याचा आवाज ऐकू यावाच लागतो, नाहीतर दार वाजलं हे श्रोत्याला कळणार कसं? तसंच तिथे पात्राच्या मनातलं सगळं बाहेर, कानापर्यंत यावं लागतं, कारण लाखो लोक नुसते ऐकत आहेत. आपल्या टेबलावर नुसता ऐकणारा कुणीच नाही. जे पाच जण आहेत ते सगळे करणारे आहेत. शेजारचा खेळाडू दहा सेकंद गप्प बसला तर तो विचार करतो आहे हे मला त्याच्या कपाळावरून कळतं. तिथली गरज इथे नियम म्हणून आणायची, तर आपण आधी टेबलावर बसलेल्या माणसांना प्रेक्षक करून टाकतो.

आणि हे डीएमच्या बाबतीत तर फारच खरं आहे. लक्ष्मण देशपांड्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकट्याने ५२ व्यक्तिरेखा उभ्या केल्या. ते बघायला आपण तिकीट काढून जायचो, गप्प बसून बघायचो आणि तृप्त होऊन घरी यायचो. तोच प्रकार डीएमने टेबलावर केला तर चार तासांतले अडीच तास तो राजा आणि प्रधान दोघांचे आवाज काढून स्वतःशीच बोलत राहतो. मी असे डीएम पाहिले आहेत. त्यांची तयारी अफाट असते, आवाज खरोखर सुंदर असतात. खेळाडू टाळ्या देतात आणि घरी जाताना त्यांच्या लक्षात येतं की आज आपण एकही निर्णय घेतला नाही. एकपात्री प्रयोग ही मोठी कला आहे, पण मंचावरची.

नियमपुस्तक काय म्हणतं? २०१४ च्या पाचव्या आवृत्तीच्या प्लेअर्स हँडबुकात रोलप्लेच्या दोन पद्धती दिल्या आहेत. एक वर्णनाची, म्हणजे आपलं पात्र काय बोलतं, काय करतं ते सांगायचं. दुसरी नटासारखी, म्हणजे पात्राच्या तोंडूनच बोलायचं. दोन्हींना स्वतंत्र जागा दिलेली आहे, आणि बहुतेक लोक दोन्ही मिसळून वापरतात असंही तिथे म्हटलं आहे. म्हणजे "माझा चोर त्याला सांगतो की…" म्हणणारा मुलगा रोलप्लेच करत होता, अगदी पुस्तकाप्रमाणे. त्याला तीन रविवार बोलणाऱ्याने ते पान वाचलेलं नव्हतं.

आता थोडं गणित करू, कारण हा अन्याय आकड्यांतही दिसतो.

प्रत्येक पात्राला सहा गुण असतात. ताकद, चपळाई, बुद्धी वगैरे. त्यातला करिश्मा हा लोकांवर छाप पाडायचा गुण. समजा एका अबोल मुलीने मुद्दाम बोलघेवडी गायिका घेतली. करिश्मा १६ आणि पटवून देण्याचं कौशल्य, मिळून फाशात ५ मिळवता येतात. पहारेकऱ्याला पटवायला १५ लागतात असं डीएमने ठरवलं, तर तिला फाशावर १० किंवा जास्त हवेत, म्हणजे ५५ टक्के शक्यता. शेजारच्या बोलक्या मुलाने घेतलेला लढवय्या राकट आहे, करिश्मा ८, म्हणजे फाशातून १ वजा. त्याला १६ किंवा जास्त हवेत, म्हणजे २५ टक्के. या अंतरासाठीच तिने ते पात्र निवडलं होतं. आता तो मुलगा भरदार आवाजात सुंदर भाषण करतो आणि डीएम खूश होऊन त्याला ॲडव्हांटेज देतो, म्हणजे दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. त्याची शक्यता २५ वरून जवळजवळ ४४ वर जाते. डीएम आणखी खूश झाला आणि म्हणाला की फासा टाकायची गरजच नाही, तर ती थेट १०० होते. मुलीची मात्र ५५ च राहते. तिच्या गायिकेहून त्याचा राकट लढवय्या जास्त गोडबोल्या ठरला, कारण तो मुलगा स्वतः बोलका आहे.

ताकद २० असलेला योद्धा खेळणाऱ्याला आपण टेबल उचलून दाखव म्हणत नाही. जादूगार खेळणाऱ्याला मंत्र म्हणायला लावत नाही. एवढ्या एकाच गुणाच्या बाबतीत खेळाडूची स्वतःची कुवत मोजायला बसतो. माझ्या टेबलावर मी फक्त दोन गोष्टी विचारते: तुला त्याच्याकडून काय हवं आहे, आणि तू त्याला काय सांगून ते मिळवणार? पहारेकऱ्याची मुलगी आजारी आहे हे मागच्या वेळी कळलं होतं आणि गायिका तिच्या औषधाचा विषय काढते, असं कुणी अगदी थंड सुरात, खाली बघत सांगितलं तरी मी लागणारा आकडा १५ वरून १० वर आणते. कारण तिने ऐकलं होतं, लक्षात ठेवलं होतं आणि योग्य वेळी वापरलं. बक्षीस द्यायचं तर याला द्यावं.

या मताला विरोध करणारे मित्र मला आहेत आणि त्यांचा मुद्दा पोकळ नाही. ते म्हणतात, आवाज काढले नाहीत तर खेळ हिशेबाची वही होतो. "मी त्याला पटवतो, १७ पडले, पटलं, पुढे चला" अशा खेळात जीव राहत नाही. खरं आहे. मी स्वतः आवाज काढते. एका प्रसंगात चार गावकरी बोलत असतील तर कोण बोलतं आहे हे ऐकणाऱ्याला कळायला हवं, आणि त्यासाठी आवाजासारखं सोपं साधन नाही. एकाला संथ करते, दुसरीला वाक्य अर्धवट सोडायला लावते, तिसरा सारखा "म्हणजे बघा" म्हणतो. घसा खरवडून काढलेल्या आवाजापेक्षा हे जास्त टिकतं, आणि चार तासांनी घसाही शाबूत राहतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही नेट पुरेना म्हणून कॅमेरे बंद ठेवून खेळायचो, तेव्हा तर माणसं ओळखायला आवाजाशिवाय दुसरं काही हाताशीच नव्हतं.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या दशावताराची आठवण मला या वादात नेहमी येते. तिथे लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, कुणी कुठलं पात्र करायचं ते ठरतं, आणि मग पायपेटी, मृदंग, झांजेच्या साथीवर रात्रभर संवाद मंचावरच जन्माला येतात. आमच्या टेबलाला इतकी जवळची दुसरी कला मला माहीत नाही. लहानपणी आजोळच्या जत्रेत मी पहाटेपर्यंत जागून ती बघितली आहे. राक्षसाची आरोळी भारी असायचीच. पण जाणती माणसं पुढे सरकून बसायची ती दोन पात्रांचा वाद रंगला की. समोरच्याने टाकलेल्या शब्दाला हा काय उत्तर देतो, पेचातून कसा सुटतो, हे ऐकायला. पाठ केलेलं काही नसल्यामुळे तिथल्या नटाला आधी ऐकावंच लागतं. आमच्या टेबलावर आवाजाच्या मागे लागलेला खेळाडू नेमकं तेच विसरतो. शेजारचा बोलत असतो तेव्हा तो आपलं पुढचं वाक्य घोळवत असतो.

पण मला सगळ्यात जास्त जे सांगायचं आहे ते भाषेबद्दल आहे.

मराठी घरांतली मुलंमुली एकत्र जमून हा खेळ इंग्रजीत खेळतात. पुस्तकं इंग्रजी, कार्यक्रम अमेरिकन, म्हणून खेळही इंग्रजी. त्यामुळे पात्राचा आवाज म्हणजे ठेंगू माणसाला स्कॉटिश हेल आणि परीकथेतल्या एल्फला उच्चभ्रू ब्रिटिश उच्चार, असं समीकरण आयतंच आलं. मग जो मुलगा इंग्रजीत विनोद करू शकत नाही तो 'लाजाळू' ठरतो. आमच्यात लातूरची एक मैत्रीण होती. वर्षभर ती एका वेळी पाच-सहा शब्दांहून जास्त बोलली नाही, आणि आम्ही तिला अबोल समजत राहिलो. एका रविवारी माझ्या तोंडून सहज "बोल, काय करतेस?" असं निघालं आणि ती मराठीत उत्तर देऊ लागली. ती थांबलीच नाही. तिची योद्धा काय करते, का करते, लहानपणी कुठे वाढली, कुणाचं ऋण तिच्यावर आहे, सगळं तिच्या मनात तयार होतं. वर्षभर ते इंग्रजीच्या दाराशी अडकून पडलेलं होतं. त्या दिवसापासून आमचा खेळ मराठीत चालतो.

तेव्हा मला कळलं की मराठीत पात्र उभं करायला आवाज बदलावाच लागत नाही, व्याकरण ते काम करतं. इंग्रजीत दार उघडणारा 'मी' पुरुष की बाई हे वाक्यातून कळत नाही. मराठीत चेटकीण खेळणाऱ्या मुलाला "मी दार उघडते" म्हणावंच लागतं. पहिल्या दोन-तीन बैठकांत "उघडतो… उघडते" अशी अडखळ होते आणि मग एक दिवस तो न अडखळता "मी आत जाते" म्हणतो. त्या एका मात्रेत तो पात्रात शिरलेला असतो, आवाज त्याचाच, दाढीही त्याचीच. डीएमलाही ठरवावं लागतं. "काय करतोस?" विचारलं तर मी मुलाशी बोलते आहे, "काय करतेस?" विचारलं तर चेटकिणीशी. (कोल्हापूरकडच्या बायका सहज "मी येतो" म्हणतात, तेव्हा हा नियमही सगळीकडे सारखा नाही, आणि कोल्हापूरची योद्धा उभी करायला एवढी एक लकब पुरते.)

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तू, तुम्ही आणि आपण. लातूरच्या त्या मैत्रिणीची योद्धा सव्वा वर्ष एका राजाच्या सेवेत होती. राजा मी चालवायचे. ती त्याला "महाराज, आपण" म्हणायची, राजा तिला मायेने "तू" म्हणायचा. मग एका बैठकीत तिला कळलं की दुष्काळात गावकऱ्यांनी लपवलेलं धान्य राजाच्याच हुकमाने जाळलं गेलं. ती दरबारात आली. मी राजाची बाजू मांडत होते: राज्य, शत्रू, नाइलाज. तिने सगळं ऐकून घेतलं आणि रोजच्या आवाजात, जरासुद्धा चढ न देता म्हणाली,

"ते धान्य तू जाळलंस."

टेबलावर कुणी हललं नाही. चहाचा कप उचललेल्याने तो तसाच हातात धरला. सव्वा वर्षाचा 'आपण' एका शब्दात गळून पडला होता. मी राजा होते आणि मला उत्तर द्यायचं होतं. बराच वेळ मला सुचेना. मग राजा म्हणाला, "तुम्ही आता जाऊ शकता." त्याने तिला पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हटलं होतं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांच्या खेळात याहून मोठा प्रसंग मला आठवत नाही. तो रेकॉर्ड केला असता तर बाहेरच्या माणसाला दोन बायका साध्या आवाजात बोलताना ऐकू आल्या असत्या.

मराठीत खेळायला लागलो की दुसरी एक जबाबदारी येते आणि तिच्याबद्दल मी गंभीर आहे, कारण ती मी एकदा पाळली नाही. एका कथेत मी दरोडेखोरांची टोळी आणली आणि त्यांना वऱ्हाडी बोलायला लावलं. सगळे हसले. टेबलावर अमरावतीचा एक मित्र होता, तोही हसला. निघताना पार्किंगमध्ये गाडी काढता काढता तो म्हणाला, "माझी आजी असंच बोलते." एवढंच. मी घरी आले आणि मागच्या सगळ्या कथा आठवून पाहिल्या. माझे राजे, वैद्य, ऋषी, जादूगार सगळे प्रमाण मराठीत बोलत होते. चोर, शिपाई, मोलकरणी, गावंढळ माणसं मात्र वऱ्हाडी, मालवणी, घाटी. मी हे कधी ठरवलं नव्हतं. बघितलेल्या सिनेमा-नाटकांतून ते माझ्यात झिरपलं होतं.

अमेरिकेतल्या एका गाजलेल्या कार्टून मालिकेत १९९० पासून एका भारतीय दुकानदाराला गोऱ्या कलाकाराचा, भारतीय उच्चारांची नक्कल करणारा आवाज होता. तिथे वाढलेली भारतीय मुलं शाळेत त्या आवाजाने चिडवली गेली. बराच वाद झाला आणि २०२० मध्ये त्या कलाकाराने ते काम सोडलं. ही बातमी वाचून मला बरं वाटलं होतं. मग अमरावतीच्या आजीच्या बोलीचं मी काय केलं होतं? 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढणाऱ्या कंपनीलाही २०२० मध्ये हे मान्य करावं लागलं की खेळातल्या काही भटक्या लोकांचं चित्रण युरोपातल्या खऱ्या रोमा समाजाविषयीच्या जुन्या पूर्वग्रहांवर उभं होतं, आणि तो मजकूर त्यांनी बदलला.

त्यानंतर मी बोली वापरायची सोडली नाही. सोडली असती तर सगळं जग पुन्हा एकाच भाषेत बोललं असतं, आणि ते जास्त वाईट. मी एवढंच ठरवलं की एखादं गाव मालवणी बोलत असेल तर तिथला न्यायाधीशही मालवणीच बोलेल, वैद्यही आणि चोरही. जी बोली मला घरची नाही तिची नक्कल करायच्या ऐवजी मी तिच्यातला माणूस टेबलावर असेल तर त्याला विचारते. अमरावतीच्या मित्राने पुढच्या कथेत म्हातारा जादूगार घेतला आणि तो वऱ्हाडीत बोलायला लागला. "मले सांग, हे पुस्तक कोनं लिवलं?" असं तो पहिल्यांदा म्हणाला तेव्हा कुणी हसलं नाही. जादूगार टेबलावरचा सगळ्यात विद्वान माणूस होता आणि ते सगळ्यांना कळत होतं.

दारात प्रश्न विचारणाऱ्या मुलाबद्दल सांगायचं राहिलं. तो आता दीड वर्ष आमच्यात आहे. त्याचा चोर आहे, आणि अजूनही तो "माझा चोर म्हणतो की…" असंच बोलतो. मागच्या महिन्यात हे लोक एका बुडत्या मंदिरातून पळत होते. चोराच्या पाठीवर सोन्याची पिशवी होती, ज्यासाठी तो अठरा महिने झगडला होता, आणि मागे पाण्यात वाटाड्या अडकला होता. वाटाड्या माझा होता. त्याला धड नावसुद्धा नव्हतं, त्याच्या तोंडी मी चारच वाक्यं घातली होती. बाकीचे पुढे निघून गेले. मी मुलाकडे बघितलं. तो आपल्या पात्राच्या माहितीच्या कागदावर पेन्सिलीने काहीतरी गिरवत होता. मग त्याने खोडरबर घेतलं आणि सामानाच्या यादीतली सोन्याची ओळ पुसली.

"तो मागे फिरतो," तो म्हणाला.

मी फासा त्याच्यापुढे सरकवला.